नेता बदलण्याआधी फळा लावा

मा. संपादक,

कपाशीचा हंगाम तोंडावर आला की जळगाव-धुळ्याकडच्या कारखान्यांत 'लीडरशिप'वर व्याख्यान ठेवण्याची पद्धत आता रुळली आहे. दोन तास भाषण, नाश्ता, ग्रुप फोटो. दुसऱ्या दिवशी मुकादम पूर्वीसारखाच ओरडत असतो आणि पोरे पूर्वीसारखीच ऐकून न ऐकल्यासारखे करतात. हीच पोरे रात्री चौघांची टोळी करून मोबाइलवर बीजीएमआय हा बंदुकीच्या लढाईचा खेळ खेळतात, तेव्हा मात्र एकाच्या शब्दावर चौघेही मुकाट हलतात. (पैसे लावून खेळायच्या खेळांबद्दल हे पत्र नाही. त्यांच्यावर २०२५च्या केंद्रीय कायद्याने बंदीच आणली आहे.)

पोरे तीच, मग फरक पडतो कुठे? खेळाच्या मांडणीत. 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'ने मे २००८च्या अंकात अशा खेळांतल्या नेतृत्वावर लेख छापला होता. योग्य माणूस निवडण्याइतकेच त्याच्याभोवतीची व्यवस्था नीट लावणेही महत्त्वाचे, असा त्याचा रोख होता. आपल्याकडे पहिल्या गोष्टीवर पैसा जातो, दुसरीकडे कोणी बघत नाही.

आधी बोलण्याचे बघू. खेळात स्क्रीनच्या वरच्या बाजूला होकायंत्र असते. शत्रू दिसला की 'तीनशे तीस, दोन जण, झाडामागे' एवढेच बोलायचे: दिशा, संख्या, जागा. आता जिनिंगमध्ये, म्हणजे कपाशीतून सरकी आणि रुई वेगळी करणाऱ्या कारखान्यात, काय होते? 'भाऊ, ते मशीन काहीतरी आवाज करू राहिलं.' कोणते मशीन, कसला आवाज, बंद केले की चालू आहे, हे विचारण्यात अर्धे मिनिट जाते. कपाशीतून आलेला खडा किंवा लोखंडाचा तुकडा घासून ठिणगी पडली असेल, तर तेवढ्यात ती रुईबरोबर पुढे सरकलेली असते. रुई आतल्या आत धुमसते. तशीच रुई दाबून गठाण बांधणाऱ्या प्रेसमध्ये गेली तर ती गठाण नंतर गोदामात पेट घेऊ शकते. म्हणून प्रत्येक जिनवर दुरून दिसेल असा नंबर रंगवा आणि बोलायची रीत ठरवून टाका: 'सात नंबर, धूर, कपाशी बंद केली.' नंबर, काय दिसले, काय केले. आणि मशीन थांबवायला कोणाची परवानगी लागणार नाही, हेही त्याच दिवशी जाहीर करा. नाहीतर पोरगा आधी मुकादमाला शोधत बसतो.

दुसरी गोष्ट आकड्यांची, आणि इथेच जास्त घोळ होतो. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या ऑनलाइन खेळात (२००४) सुरुवातीला ४० जण मिळून एका राक्षसाशी लढत. काही जण मार अंगावर घेणारे, काही जखमा भरणारे, बाकीचे वार करणारे. कोणी किती वार केले हे मोजणारे मीटर खेळाडूंनी जोडले आणि लगेच दुखणे सुरू झाले: मीटरवर वर राहण्यासाठी लोक नुसतेच वार करू लागले. राक्षसाचा मंत्र मध्येच तोडायचे काम मीटरवर दिसत नाही, म्हणून ते मागे पडले आणि सगळी टोळी मेली. शहाणे म्होरके मग आधी कोण मेला आणि कशाने, हे नोंदीतून काढू लागले.

जिनिंगमध्ये फक्त 'पाळीत किती गठाणी' लिहिल्या तर तेच होणार. एक गठाण साधारण १७० किलोची, तिला अंदाजे पाच क्विंटल कपाशी लागते. आकडा वाढवायला कपाशी जास्त सोडली की जिन चोक होते, सरकी फुटते, रुईत कचरा वाढतो, आणि पुढे व्यापारी भाव पाडतो तेव्हा ती पाळी कोणाची होती हे कोणालाच आठवत नसते. म्हणून फळ्यावर तीन रकाने हवेत: गठाणी, बंद राहिलेली मिनिटे, बंदचे कारण. फळा पाळीच्या वाटेवर लावा, ऑफिसात नको. पाळी बदलताना दहा मिनिटे त्याच्यासमोर उभे राहायचे आणि 'कोणी केले' याच्या आधी 'पहिल्यांदा काय बिघडले' हे विचारायचे.

बोनसबद्दल थोडे. 'एव्हरक्वेस्ट' या खेळात १९९९ मध्ये ड्रॅगन मारल्यावर मिळालेल्या लुटीवरून भांडणे होऊ नयेत म्हणून गुणांची वही सुरू झाली: हजेरीचे गुण जमा, वस्तू घेतली की वजा, नियम मोहिमेआधीच उघड. तिच्यातही खोट निघाली. जुन्यांकडे गुणांचा ढीग साठायचा आणि नव्याला काही मिळेना. मग काही टोळ्यांनी दर आठवड्याला साठ्यातून ठरावीक टक्के कापायला सुरुवात केली. आपल्याकडे दिवाळीला पाकिटात किती हे मालकाच्या मनात असते. नियम हंगामाआधी भिंतीवर लागला तर निम्मी कुजबुज थांबेल, बाकीची मात्र राहीलच.

अशा खेळांत लढाईआधी म्होरका 'रेडी चेक'चे बटण दाबतो. प्रत्येकाच्या स्क्रीनवर प्रश्न येतो आणि ज्याने त्याने हो किंवा नाही म्हणायचे. रावेर-यावलच्या केळी पॅकहाउसला हे जसेच्या तसे लागू पडते. कंटेनर भरण्याआधी विचारा: खोके तयार? वजनकाटा तपासला? गर १३-१४ अंशांवर आला? खोलीचे तापमान सांगून भागत नाही, फळात थर्मामीटर खुपसून बघावे लागते. गरम माल भरला तर वाटेतच पिकतो, १३च्या खाली गेला तर साल काळवंडते. खेळातही सवयीने 'हो' दाबणारे असतात, म्हणून इथे 'हो' नको, आकडा मागा.

जानेवारी २०१४ मध्ये 'ईव्ह ऑनलाइन' या अंतराळातल्या खेळात एका तळाचे भाडे वेळेवर भरले गेले नाही. त्यातून पेटलेल्या लढाईत ७५ टायटन, म्हणजे त्या खेळातली सर्वांत महागडी जहाजे, नष्ट झाली. तुमच्या आगीच्या विम्याची तारीख मुनीमजींशिवाय आणखी कोणाला माहीत आहे का?

सगळेच उचलता येत नाही. खेळात हरले की पुन्हा सुरू करता येते आणि टोळी आवडली नाही तर सोडता येते. पगार अडकलेल्या कामगाराला ते जमत नाही. म्हणून फळ्यावर चौथा रकाना ठेवा: 'मालकामुळे बंद'. कपाशीच्या गाड्या उशिरा आल्या, सुटा भाग मागवला नाही, निर्णयासाठी फोन उचलला नाही, हे तिथे मालकाने स्वतःच्या हाताने लिहायचे. तो रकाना महिनाभर कोराच राहिला, तर शेजारच्या रकान्यातली कारणेही खरी लिहिली जाणार नाहीत.

आपला,
एक वाचक, जळगाव