शनिवारी येशील तेव्हा

चि. मन्या,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन मध्येच ठेवलास. मी नंतर दोनदा लावला, मग म्हटलं राहू दे. बोलायला गेलं की माझा आवाज चढतो आणि तुझा बंद होतो. म्हणून लिहायला बसले.

आधी तुला हवं आहे ते सांगते. तुझी सापीण सुतळी बरी आहे. काल रात्री तिने पिंकी (ते उंदराचं गुलाबी पिल्लू) पहिल्याच झटक्यात घेतली, पूर्वीसारखी. वजन तुझ्या वहीत लिहून ठेवलंय. शेपटीचं टोक रोज सकाळी खिडकीच्या उजेडात बघते. रंग तसाच आहे, काळं पडलेलं नाही. राहिलाय तो डाव्या डोळ्यावरचा जुन्या कातीचा पापुद्रा. आणि तू म्हणालास, शनिवारी येतो आणि चिमट्याने काढून टाकतो. मन्या, चिमटा लावू नकोस.

झालं काय ते मी फोनवर धड सांगितलं नाही, कारण चूक माझी होती. तू गेल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात ती फिकी दिसायला लागली. अंगावर धूळ बसल्यासारखी, पोट गुलाबीसर. मग डोळे दुधाळ निळे झाले. वहीत लिहिलं होतंस तसं मी सगळं केलं. तिला उचललं नाही, खायला दिलं नाही, मॉसचा (शेवाळाचा) डबा रोज ओला केला. पाचव्या दिवशी डोळे लख्ख झाले आणि मला वाटलं, सुटलो.

तिथेच चुकलं. जुन्या आणि नव्या कातडीच्या मधे पाझर साठतो, त्याने डोळे धुरकट दिसतात. तो ओसरला की डोळे पुन्हा स्वच्छ होतात, पण कात निघायला त्यानंतरही काही दिवस जातात. तुझ्या वहीत पुढच्याच पानावर होतं हे. मी पान उलटलं नाही. मॉस ओलं करायचं सोडलं. त्याच आठवड्यात बाबांच्या तपासण्या होत्या (रिपोर्ट चांगले आलेत, ते समोरासमोर बोलू) आणि त्यांना थंडी वाजते म्हणून खोलीत हीटर दिवसरात्र चालू. टँकचं झाकण जाळीचं, आतला सगळा ओलावा उडून गेला. दमटपणाचा काटा 30 टक्क्यांच्या खाली आला होता. कात टाकताना तो 60 ते 70 हवा. मी त्याच्याकडे बघितलंच नाही.

सकाळी पाहिलं तर कात तुकड्यांनी निघालेली. निम्मी अंगावरच, वाळलेल्या डिंकासारखी चिकटलेली. ती बिचारी लाकडाच्या ओंडक्यावर तोंड घासत होती, कदाचित रात्रभर. आपण किती सहज म्हणतो, अमक्याने कात टाकली. तिला त्यासाठी किती झगडावं लागतं ते मी त्या दिवशी बघितलं.

तुला लगेच कळवायला हवं होतं. तुझी परीक्षा चालू होती म्हणून नाही कळवलं, असं मी म्हणाले, आणि तू म्हणालास, "तू नेहमी असंच करतेस." खरं आहे ते. खरं म्हणजे मला तुझी भीती वाटली. तू जाताना तिला माझ्या हातात दिलीस तेव्हा तुझा चेहरा कसा होता, ते मला सारखं आठवत होतं.

पण पुढचं मी नीट केलं, तेही ऐक. भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या डब्यात कोमट पाणी घेतलं, थर्मामीटर लावून 29 अंश. पाणी तिच्या अंगाच्या निम्म्या जाडीइतकंच, म्हणजे डोकं आपोआप वर राहतं. 20 मिनिटं मी तिथून हलले नाही, दाराची बेल वाजली तरी. पाण्यात काळे ठिपके तरंगतात का तेही पाहिलं, कारण गोचिडीसारखे बारीक किडे लागले तरी कात अशीच अडकते. तसं काही नव्हतं. मग ओलं फडकं दोन्ही हातांत सैल धरलं आणि तिला त्यातून जाऊ दिलं. ओढायचं नाही, तिनेच सरकायचं. तिसऱ्या फेरीला कात फडक्यात गोळा होऊन आली, ओला मोजा उलटा व्हावा तशी. शेपटीला दोन कडी राहिली होती, ती दुसऱ्या दिवशी पुन्हा भिजवून ओल्या कापसाने सोडवली. ती राहिली असती तर आवळून रक्त थांबलं असतं आणि टोक गळून पडलं असतं. हे तुला माहीत आहे. तुझ्याकडूनच तर मला कळलं. तुला सांगते आहे ते माझं मलाच.

नंतर सगळे तुकडे टेबलावर पसरून जुळवले. डोक्याच्या तुकड्यावर उजव्या डोळ्याची टिकली होती, स्वच्छ, भिंगासारखी. डावीकडे नुसतं भोक. भिंग घेऊन अर्धा तास शोधली. नाही सापडली. तिच्या डाव्या डोळ्याकडे पाहिलं तर तो मंद, किंचित सुरकुतलेला.

म्हणून मी तिला सापांचं बघणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, सापाला पापणी नसते. डोळ्यावर पारदर्शक खवला असतो आणि तो दर कातीबरोबर बदलतो. जुना राहिला असेल तर त्याच्याखाली नवा आहे, आणि नव्याच्या खाली थेट डोळा. चिमट्याच्या टोकात जुना आला की नवा आला, हे तुला कसं कळणार? नवा निघाला तर डोळा जाईल. कोवळं पिल्लू आहे, महिना-सव्वा महिन्यात पुन्हा कात टाकेल. ओलावा नीट राहिला तर दोन्ही थर बहुतेक एकदमच निघतील. नाही निघाले, तर त्या बघतील. तू नाही, मी नाही.

तुझा हात हलका आहे हे मला ठाऊक आहे. तिची पहिली कात निघाली तेव्हा तू ती सोडवून वहीत चिकटवलीस, एक खवलासुद्धा फाटू न देता. बाबा अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला ते पान दाखवतात. पण तुला थांबता येत नाही, राजा. सायकलवरून पडलास तेव्हा गुडघ्याची खपली रोज संध्याकाळी काढायचास. मी हळद लावायची, बोटं बांधून ठेवायची, ताईला पहाऱ्यावर बसवायची. सकाळी चादरीला रक्त. तो डाग अजून आहे तुझ्या गुडघ्यावर. तू झोपलेला असताना मी कितीदा बघितलाय. शाळा बदलली तेव्हाही तेच, त्या मित्राच्या वेळीही तेच. काही अडकलं की तुला ते त्याच दिवशी निघायला हवं असतं.

बघ, पत्र सापाचं आणि मी कुठे पोचले. माफ कर. उपदेश करायचा नाही असं ठरवून बसले होते.

मी आता हे करते. मॉस सकाळ-संध्याकाळ बघते. ओलं हवं, पाणी गळणारं नको. सगळा टँक चिंब ठेवला तर पोटाच्या खवल्यांवर फोड येतात, म्हणून खालचा कागद कोरडा आणि डबा फक्त ओला. झाकणाची निम्मी जाळी झाकली. हीटर बाबांच्या पलंगापाशी नेला. पाण्याचं भांडं मोठं ठेवलं, ती त्यात वेटोळं करून बसते. ओंडक्याशेजारी एक खरबरीत दगड ठेवलाय, उकळून, वाळवून. तारखा तुझ्याच रकान्यांत लिहिते, माझं अक्षर तुझ्याइतकं बारीक नाही, त्यामुळे दोन ओळी लागतात.

पुढचा निळा डोळा दिसला की त्याच दिवशी फोन करीन, परीक्षा असो नसो. हे मी कबूल करते. तूही एक कबूल कर. ते काय, तुला माहीत आहे.

शनिवारी ये. तिला हातात घे, ओळखेल तुला. सगळी कात मी डब्यात जपून ठेवली आहे, डाव्या बाजूचा तुकडा वेगळ्या कागदात. भिंगाखाली तूही एकदा बघ. माझी नजर आता पूर्वीसारखी नाही. ती टिकली कुठे दुमडून बसलेली निघाली, तर बरंच होईल.

बेल वाजवू नकोस, दुपारी बाबा झोपलेले असतात. किल्ली नेहमीच्या जागी आहे.

तुझी,
आई