गोळ्या बंद करा म्हणणाऱ्याकडे लेकरू नेऊ नका

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमचा अंक उघडला आणि आतून एक गुलाबी पत्रक खाली पडलं. वर देवीचा फोटो, खाली मोबाइल नंबर, आणि मधे ठळक अक्षरात: करणी, बाहेरची बाधा, मूल न होणे, फिट येणे, नवरा ऐकत नाही, कोर्टकचेरी, 24 तासांत फरक, काम झाल्यावरच दक्षिणा. हे पत्रक तुम्ही छापलेलं नाही हे मला ठाऊक आहे. पहाटे स्टँडवर गठ्ठे सुटतात तेव्हा कोणीतरी ते अंकात सरकवून देतं. पण माझ्या सासूबाईंनी ते उचललं, चष्मा लावून वाचलं आणि म्हणाल्या, "पेपरमधी आलंय." त्यांच्या दृष्टीनं ते तुमचंच झालं. म्हणून तुम्हालाच लिहिते आहे.

मी चोपडा तालुक्यातल्या एका गावात राहते आणि आठ वर्षांपासून आमच्या बचत गटाची सचिव आहे. कर्जाच्या रजिस्टरला "कारण" म्हणून एक रकाना असतो. बियाणं, शाळेची फी, म्हैस, दवाखाना, असं त्यात लिहायचं. गेल्या वर्षी कापूस वेचणीच्या आधी, म्हणजे ज्या दिवसांत कोणाच्या हातात पैसा नसतो तेव्हा, एकाच महिन्यात तीन बायकांनी "दवाखाना" लिहून पैसे उचलले. कोणाच्याच घरी कोणी आजारी पडल्याचं ऐकलं नव्हतं. तिसरीला मी बाजूला घेऊन विचारलं, तर ती रडायलाच लागली. तिघींचे पैसे एकाच महाराजाकडे गेले होते.

त्या महाराजाचं नाव मी आधीच ऐकलं होतं, कारण माझ्या सख्ख्या बहिणीचंही घर त्यानंच पोखरलं. बहीण धुळे जिल्ह्यात दिलेली. तिची मुलगी चौदा वर्षांची. पोरीला फिट यायच्या. मेंदूच्या डॉक्टरांना दाखवलं, फोटो काढला, गोळ्या सुरू झाल्या. त्यानंतर आठ महिने एकही झटका आला नाही. गोळ्या सरकारी दवाखान्यातून फुकट मिळत होत्या. पण "किती दिवस खायच्या?" याला डॉक्टरांनी "दोन-तीन वर्षं तरी" एवढंच उत्तर दिलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. बहिणीच्या सासरी एकच घोर लागला: पोरीचं लग्न कसं होणार? तेवढ्यात कोणीतरी महाराजाचं नाव सांगितलं.

पहिल्या दिवशी महाराजानं पैसे मागितलेच नाहीत. "मनाला येईल ते ठेवा." बहिणीनं 101 रुपये ठेवले. तो पाऊण तास बोलला. घरात कोण कोण आहे, वाटणी झाली का, कोणाशी वाद आहे का, सगळं शांतपणे ऐकून घेतलं. बहीण मला म्हणाली, "ताई, इतकं तर माझं माहेरीसुद्धा कोणी ऐकलं नाही." हे वाक्य मी विसरू शकत नाही. आपली माणसं अशा ठिकाणी का जातात, याचं निम्मं उत्तर त्यात आहे, आणि ज्यांना राग येतो त्यांनी आधी ते ऐकावं.

दुसऱ्या खेपेला त्यानं सांगितलं, देवाचं आणि दवाखान्याचं एकत्र चालत नाही, गोळ्या बंद करा. पाचव्या दिवशी पोरीला झटका आला, त्याच रात्री आणखी दोन. फिटच्या गोळ्या अशा एकदम तोडल्या की झटके उलटून येतात, कधी कधी पहिल्यापेक्षा जोरात. कोणताही डॉक्टर हे सांगेल. महाराजालाही ते पक्कं माहीत असणार, कारण त्याचं पुढचं बोलणं तयारच होतं: "बघा, करणी किती जबर आहे. अंग सोडायला तयार नाही." उताऱ्याचे 2,100 झाले, मग 11,000, मग अमावास्येच्या हवनाचे 31,000. बेरीज 44,201. त्यातले वीस हजार तिच्या गावच्या गटाचं कर्ज, बाकीचे मंगलपोत गहाण ठेवून.

हवनाला मी मुद्दाम गेले. पत्र्याचं शेड, आत धूर, बाहेर चपलांचा ढीग. महाराजानं हवनकुंडातल्या लाकडांवर चमच्यानं "तूप" सोडलं आणि काडी न लावता जाळ उठला. मग पोरीवरून लिंबू उतरवून सुरीनं कापलं, तर आत लालभडक. बायका जागच्या जागी हात जोडून रडायला लागल्या. माझ्याही अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. पण मी त्या सुरीकडे बघत होते. पातं दोन्ही बाजूंनी मळकट जांभळं होतं, आणि ती सुरी त्यानं लगेच फडक्यात गुंडाळली. पुढे आमच्या गावच्या शाळेत अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते आले, त्यांनी हे दोन्ही प्रकार पोरांसमोर करून दाखवले. जास्वंदीच्या फुलाचा रस पात्याला चोळून वाळवला की लिंबाच्या आंबट रसानं तो लाल होतो. तूप म्हणून सोडतात ते ग्लिसरीन, लाकडांत आधीच पोटॅशियम परमँगनेटची पूड. कावीळ उतरवताना चुन्याचं पाणी पिवळं होतं, तेही आंब्याच्या झाडाच्या सालीमुळे. सहावीची पोरं टाळ्या वाजवत होती आणि मी मागच्या बाकावर बसून बहिणीची पोत आठवत होते.

पैसे गेले त्याहून वाईट गोष्ट पुढे आहे. हवन झाल्यावर महाराजानं डोळे मिटून सांगितलं, करणी करणारी बाई घरातलीच आहे, थोरल्या घरची, तिच्या हातावर गोंदण आहे. बहिणीच्या थोरल्या जावेच्या हातावर गोंदण आहे. तिच्याच काय, आमच्या पट्ट्यात त्या वयाच्या कोणत्या बाईच्या हातावर नाही? दोन घरांमधलं दार त्या दिवसापासून बंद झालं. फिटच्या वेळी पोरीला पहिल्यांदा मांडीवर घेऊन कुशीवर वळवणारी हीच जाऊ होती. सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्याकडे, एखाद्या बाईला डाकीण ठरवून मारहाणीपर्यंत गोष्ट जाते तेव्हा आपण सपाटीवरचे लोक हळहळतो. सुरुवात अशीच होते, बोट दाखवण्यापासून.

आता कोणी म्हणेल, ही बाई देवधर्म मानत नसेल. आमच्या घरी श्रावणात कानबाई देवी बसते, रोटांचा नैवेद्य होतो. चैत्रात मी दोनदा वणीला पायी गेले आहे. मुक्ताईची पालखी निघते तेव्हा माझा भाऊ दरवर्षी चालतो. आणि ज्याला भगत म्हणतात असा एक माणूस मी लहानपणी जवळून पाहिला आहे, त्याची आठवण झाल्याशिवाय माझी एक संध्याकाळ जात नाही.

मी चौथीत होते. वडिलांना कपाशीच्या वावरात घोणस चावली. पाय गुडघ्यापर्यंत सुजला. आजीनं हट्ट धरला की आधी भगतबाबाला दाखवा. तो पायथ्याच्या पाड्यावर राहायचा, धोतर गुडघ्याच्या वर, घरावर पळसाच्या पानांचं छप्पर. त्यानं पाय पाहिला, अंगारा लावला, काहीतरी पुटपुटला, सगळं मिळून पाच मिनिटं असेल. मग उठून आजीला म्हणाला, "माय, मनाकडथीन व्हई तेवढं मी करं. आते गाडी जुपा आनि याले दवाखानामा लई जा, येळ करू नका." आजी रडायला लागली तेव्हा तो स्वतः गाडीत बसून चोपड्यापर्यंत आला. सलाइनमधून सर्पदंशाची लस लागली आणि वडील वाचले. बरे झाल्यावर आजीनं त्याला नारळ आणि पायलीभर दादर ज्वारी नेऊन दिली. नारळ त्यानं देवापुढे ठेवला, दादर घेताना दहा वेळा नाही म्हणाला. त्याचं छप्पर शेवटपर्यंत पळसाचंच राहिलं.

या दोघांना शेजारी ठेवून पाहिलं की मला वेगळं काही शिकवावं लागत नाही. गटातल्या बायका विचारतात, "ताई, मग जायचं तरी कोणाकडे?" मी त्यांना सांगते, मनाला आधार लागतो तेव्हा जा, अंगारा लावा, नारळ फोडा, पण ज्याच्याकडे जाता त्याला पहिल्याच भेटीत एक प्रश्न विचारा: "महाराज, गोळ्या चालू ठेवू ना?" जो "ठेव बाई" म्हणेल त्याच्यापाशी बसायला हरकत नाही. जो बंद करा म्हणेल, त्याच्या समोरून लेकरू उचला आणि निघा. कोणाचं तरी नाव घेऊन बोट दाखवायला लागला, घरी सांगू नका म्हणाला, सुनेला किंवा पोरीला एकटीला आत बोलावलं, तर चप्पल घालायलासुद्धा थांबू नका. आणि आकडा दर खेपेला वाढतोय का ते बघा. हे मी रजिस्टरवरून शिकले.

कायदा आपल्याकडे आहे. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद, पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत दंड, आणि गुन्हा अजामीनपात्र. चमत्कार दाखवून पैसे उकळणं, भुताची भीती घालून औषधोपचारापासून अडवणं, साप-विंचू-कुत्रा चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देणं, सगळं त्यात आहे. वारी, कीर्तन, भजन, यात्रा यांना त्यानं हात लावलेला नाही, हे मुद्दाम सांगते, कारण "कायदा देवाच्या विरोधात आहे" असं सांगत हीच मंडळी फिरतात. आणि त्या गुलाबी पत्रकासारख्या जाहिरातींना तर 1954 च्या कायद्यानं बंदी आहे. ताईत, मंत्र, कवच यांनी ठरावीक रोग बरे होतात अशी जाहिरात करता येत नाही, आणि फिट येणं व बाईला मूल न होणं हे दोन्ही त्या रोगांच्या यादीत आहेत.

पण कायदा कागदावर राहतो तो भीतीमुळे. बहिणीला मी पोलीस ठाण्यात चल म्हटलं, तर ती थरथरायला लागली. "त्यानं पोरीचं काही केलं तर?" मी तिला दोष देत नाही. पोलीस निरीक्षक दर्जाचा दक्षता अधिकारी या कायद्याखाली नेमलेला असतो, हे तिला काय, माझ्या गावच्या पोलीस पाटलालाही मी सांगेपर्यंत माहीत नव्हतं. त्या अधिकाऱ्याचं नाव आणि फोन ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागायला हवा, रेशनच्या यादीशेजारी, जिथे बायकांची नजर जाते.

आणखी एक मनापासून वाटतं. गुजरातेत उनाव्याला मीरा दातारचा दर्गा आहे. तिथे "दवा आणि दुआ" म्हणून काम चालतं. मुजावर दुआ करतात आणि त्याच माणसाला जवळच बसलेल्या मानसोपचार डॉक्टरांकडे पाठवतात. मेळघाटातही आरोग्य खात्यानं भूमकांना, म्हणजे तिथल्या भगतांना, सोबत घेऊन रुग्ण दवाखान्यात आणायचा प्रयत्न केला. मग आपल्या सातपुड्यातल्या भगतांना प्राथमिक आरोग्य केंद्रात बोलावून, खुर्चीवर बसवून, चहा देऊन कोणी का बोलत नाही? माझ्या वडिलांचा जीव वाचवणारा तो म्हातारा अंगठेबहाद्दर होता, पण आपली हद्द कुठे संपते ते त्याला बरोबर कळत होतं. असे अजून असतील. आणि डॉक्टरसाहेबांनाही हात जोडून विनंती आहे, आईनं विचारलेल्या प्रश्नाला पाच मिनिटं द्या. तुमची पाच मिनिटं वाचतात, तो पाऊण तास महाराज घेतो. ज्यांना घरातलं दुखणं बोलायला कोणी नाही त्यांच्यासाठी सरकारची 14416 ही टेलिमानस फोनसेवा रात्रंदिवस फुकट आहे, हेही एकदा ठळक छापा.

भाचीच्या गोळ्या परत सुरू आहेत. तीन महिने झटका नाही. पोत अजून सोनाराकडेच आहे, गटाचे सोळा हप्ते बाकी आहेत. या श्रावणात कानबाईच्या रोटासाठी मी स्वतः बहिणीच्या जावेला बोलवायला जाणार आहे. ती येईल की नाही, माहीत नाही.

तुमच्याकडे मागणं एवढंच की तुमच्या विक्रेत्यांना लेखी कळवा, असलं पत्रक अंकात घालायचं नाही. आणि पुढच्या रविवारी ते पुन्हा आलं, तर मी अंकासकट तुमच्या कार्यालयात आणून देईन. गुलाबी पत्रक मी जपून ठेवलं आहे.

(कृपया माझं नाव छापू नये. भाचीच्या लग्नाचा प्रश्न आहे.)

आपली एक वाचक भगिनी,
ता. चोपडा, जि. जळगाव