‘बुरशीरोधक’ कवळी किती दिवस बुरशीरोधक?

महोदय,

थ्रीडी प्रिंटरवर छापलेल्या कवळीच्या रेझिनमध्ये (प्रकाशाने घट्ट होणाऱ्या प्लास्टिकमध्ये) बुरशीरोधक घटक घातला आहे असे कोणी सांगितले, तर एवढेच विचारावे : चाचणी रेझिनच्या ताज्या छापलेल्या चकतीवर केली की मुद्दाम वापरल्यासारखी जुनी केलेल्या चकतीवर? ताज्या चकतीवर ४८ तासांत कँडिडाची (तोंडात वाढणाऱ्या बुरशीची) वाढ घटली, हा पुरावा पाच वर्षे वापरायच्या वस्तूला पुरत नाही.

नायस्टॅटिन, फ्लुकोनॅझोल ही बुरशीवरची औषधे आणि जंतुनाशक क्लोरहेक्सिडीन रेझिनमधून पाझरूनच काम करतात. रेझिन पाणी शोषते तसे पृष्ठभागालगतचे औषध पहिल्या काही दिवसांत निघून जाते. आतले आतच अडकते. हिशेब करून पाहा. वरच्या कवळीचा पाया १५ ग्रॅमचा धरला आणि त्यात १ टक्का नायस्टॅटिन घातले, तर झाले १५० मिलिग्रॅम. मोठ्या माणसाची एका वेळची ४ लाख युनिटची मात्राच सुमारे ९० मिलिग्रॅम भरते, आणि ती दिवसातून चारदा घ्यायची असते. म्हणजे सगळी कवळी पिळून काढली तरी दोन मात्रा निघत नाहीत! फ्लुकोनॅझोल अगदी थोडे थोडे पाझरत राहिले, तर बुरशी त्याला सरावण्याची भीती वेगळीच. शिवाय छपाईनंतर कवळी आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतात. त्यात विरघळणारे औषध वरच्या थरातून तिथेच निघू लागते.

चांदी, झिंक ऑक्साइड, टायटॅनियम डायऑक्साइड यांचे सूक्ष्म कण जास्त टिकतात, पण छपाईत त्रास देतात. रेझिन घट्ट होते ३८५ किंवा ४०५ नॅनोमीटरच्या प्रकाशाने, आणि हे कण तोच प्रकाश अडवतात, विखुरतात. थर अर्धवट पिकतो, न जुळलेला मोनोमर (रेझिनची साखळी ज्या सुट्या रेणूंची बनते तो कच्चा घटक) उरतो. कणांच्या गुठळ्या झाल्या किंवा ते प्रिंटरमधील रेझिनच्या टाकीच्या तळाशी बसले, तर एकाच कवळीत एकीकडे जास्त, दुसरीकडे जवळपास नाही. गुठळीपाशीच पुढे तडा जातो.

क्वाटर्नरी अमोनियम या जंतुनाशक गटाचे मोनोमर रेझिनच्या साखळीतच बांधले जातात, त्यामुळे ते संपत नाहीत. मात्र ते स्पर्शानेच मारतात, आणि लाळेतील प्रथिनांचा पापुद्रा काही मिनिटांत त्यांच्यावर बसतो. त्यावर मेलेल्या पेशी साचल्या की खालचे रसायन असून नसल्यासारखे.

टाळूला टेकणारी बाजू बसण्यात फरक पडू नये म्हणून पॉलिश करत नाहीत. तिथे ५० किंवा १०० मायक्रोमीटरच्या थरांच्या पायऱ्या तशाच राहतात. खरखरीतपणा ०.२ मायक्रोमीटरच्या वर गेला की जंतूंचा थर जास्त साचतो. कँडिडा तिथेच घर करते.

म्हणून विक्रेत्याकडे निदान ५ आणि ५५ अंश सेल्सियसच्या पाण्यात आलटून-पालटून बुडवण्याच्या १०,००० फेऱ्यांनंतरचे (साधारण एक वर्षाचा वापर धरतात), ब्रश घासल्यानंतरचे आणि लाळेचा थर दिल्यानंतरचे आकडे मागावेत. त्याच जुन्या नमुन्याची वाकवण्याची ताकदही विचारावी. आयएसओ २०७९५-१ या कवळीच्या रेझिनच्या आंतरराष्ट्रीय मानकात ही ताकद किमान ६५ मेगापास्कल हवी. बुरशीरोधक गुण किती टिकावा याची अट त्या मानकात नाही.

घटक असो वा नसो, कवळी रात्री काढून पाण्यात ठेवावी. मऊ ब्रश आणि साधा साबण वापरावा. टूथपेस्टने ओरखडे पडतात. कवळीत धातू नसेल तर डेंटिस्टला विचारून ०.५ टक्के सोडियम हायपोक्लोराइटमध्ये जास्तीत जास्त १० मिनिटे बुडवून नीट धुवावी. उकळते पाणी नको, कवळी वाकते. टाळू लाल राहिला तर आधी कवळी नीट बसते का ते तपासून घ्यावे.

— एक प्रोस्थोडॉन्टिस्ट (कृत्रिम दात-कवळी बसवणारे दंततज्ज्ञ), पुणे