प्लास्टरवाल्या दादांना, पेटीवाल्या काकूंकडून

आदरणीय दादा,

सप्रेम नमस्कार.

या पत्रात मी तुमचे नाव लिहीत नाही, कारण प्लास्टर काढल्याच्या दिवशी मी ते विचारून वहीत टिपून घेऊ लागले, तेव्हा "काकू, नाव कशाला, मी माझं काम केलं," असे म्हणून तुम्हीच मला थांबवलेत. नाव राहू दे. परंतु त्या कामामुळे माझे सहा आठवडे कसे गेले, हे चारचौघांत सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

१० जून २०२५ रोजी, वटपौर्णिमेच्या सकाळी, फलटणमध्ये वडाच्या पाराची पायरी उतरताना मी घसरले. यंदा पावसाने मे महिन्यातच आमच्या भागाला झोडपले होते आणि दगडावर शेवाळ धरले होते. पडणारा माणूस आपोआप हात पुढे टेकतो तसा मी उजवा हात टेकला, आणि सगळा भार मनगटावर आला. माझ्या वयाच्या बायकांची हाडे ठिसूळ होत आलेली असतात, त्यामुळे एवढेही पुरते. दुखापत म्हणाल तर लहानच. पण गेली बावीस वर्षे मी आमच्या भजनी मंडळात पेटी वाजवते, आणि माउलींची पालखी फलटणच्या मुक्कामाला यायला तीन आठवडेसुद्धा उरले नव्हते.

तुमच्याकडे येण्याआधी मी जिथे गेले होते, त्या दवाखान्याचे नावही मी लिहिणार नाही. पण तिथे जे घडले ते सांगितलेच पाहिजे. माझे वय विचारले, पैसे कोण भरणार ते विचारले, आणि बोटांच्या मुळांपर्यंत झाकणारे घट्ट प्लास्टर घालून मला घरी पाठवले. ओले प्लास्टर घट्ट होताना गरम होते, हे मला कोणी सांगितले नव्हते. हाताला चटका बसल्यासारखे झाले तेव्हा मी घाबरून ओरडले, तर "या वयात एवढं दुखणारच," असे उत्तर मिळाले. रात्री बोटे सुजून टम्म झाली आणि त्यांना मुंग्या येऊ लागल्या. मुलीने दोनदा फोन केला आणि दोन्ही वेळा "सकाळी बघू" असे सांगून तो ठेवला गेला. ती रात्र मी खुर्चीत बसून काढली. हाताच्या वेदनेपेक्षा आपण कोणाच्या गणतीतच नाही, ही भावना मला जास्त टोचत होती. हे लिहिताना आजही माझा राग पुरता शमलेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी मला तुमच्या रुग्णालयात घेऊन आली. तुम्ही माझ्या बोटाचे नख दाबलेत, ते पांढरे पडले, आणि त्यात पुन्हा गुलाबी रंग उतरायला किती वेळ लागतो ते तुम्ही श्वास रोखून पाहत राहिलात. मग डॉक्टरांना लगेच बोलावून ते घट्ट प्लास्टर उकललेत. पुढचे सगळे तपशील मी गाळते. मला सांगायचे आहे ते नवे प्लास्टर घालण्याच्या आधीच्या अर्ध्या मिनिटाविषयी.

तुम्ही पट्टी पाण्यात बुडवणार होतात, तेवढ्यात थांबलात आणि मला विचारलेत, "काकू, या हातानं तुम्ही काय काय करता?"

आदल्या दिवसापासून मला कितीतरी जणांनी कितीतरी गोष्टी विचारल्या होत्या. कशी पडलीस, चप्पल कोणती होती, सोबत कोणी नव्हते का, रक्तदाब आहे का. हा हात काय करतो, हे मात्र कोणीच विचारले नव्हते. मी "पेटी वाजवते" म्हटले आणि मला रडू कोसळले. तुम्ही घाई केली नाहीत. माझे रडणे ओसरल्यावर तळहातावरच्या आडव्या रेषेवर बोट ठेवून म्हणालात, "मग प्लास्टर या रेषेच्या अलीकडेच थांबवतो. मनगट हलणार नाही, पण बोटं सगळी मोकळी. पेटी नाही तर टेबलावर वाजवा, पण वाजवत राहा." प्लास्टर आता गरम होईल, घाबरू नका, हेही आधीच सांगितलेत, आणि त्याची कड अंगठ्याला टोचू नये म्हणून ओल्या बोटाने ती पुन्हा पुन्हा गुळगुळीत केलीत.

बोटे मोकळी ठेवणे ही योग्य पद्धतच आहे, बोटे हलती राहिली की सूज उतरते आणि सांधे आखडत नाहीत, हे मला नंतर समजले. म्हणजे तुम्ही नियमाप्रमाणेच वागलात. पण तो नियम तुम्ही माझ्या पेटीशी जोडून दिलात, आणि तेच मला पुरले.

दुखणाईताला "आनंदी राहा" असे सांगणारे पुष्कळ भेटतात. माझ्याकडेही आले. त्यांतल्या काहींनी "हातावर निभावलं, डोक्यावर पडली असतीस तर" असे म्हणून माझे सांत्वन केले, आणि काहींनी कोणाकोणाचे मनगट कायमचे वाकडे राहिले त्याच्या गोष्टी चहाबरोबर सांगितल्या. त्यांचा हेतू वाईट नव्हता, हे मी मानते; परंतु ते गेले की घर अधिकच उदास वाटे. आनंदी राहण्यासाठी मला हाताला काही काम हवे होते, आणि ते एकट्या तुम्ही दिलेत.

रोज सकाळी डाव्या हाताने कसाबसा चहा केला की मी स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसत असे. भूप रागात स्वर पाचच, आणि हाताला बोटेही पाचच. अंगठ्याला सा, तर्जनीला रे, मधल्या बोटाला ग, अनामिकेला प आणि करंगळीला ध, असे मी वाटून दिले. खऱ्या पेटीवर बोटे अशी एकेका स्वराला बांधलेली नसतात, पण त्या टेबलावर ती तशी होती. पहिले चार दिवस करंगळी उचलतच नव्हती आणि माझा भूप धैवताविनाच राही. पाचव्या दिवशी ती हलली. मी मोठ्याने "ध" म्हटले आणि मुलगी आतून धावत आली. त्या दिवसापासून तिने टेबलाला "काकूंची पेटी" म्हणायला सुरुवात केली, स्वतःच्या आईला काकू म्हणून, अगदी तुमच्यासारखे.

तिनेच माझ्या कागदांवरचे "कॉलिस फ्रॅक्चर" हे नाव वाचून मला माहिती सांगितली. डब्लिनचे शल्यविशारद अब्राहम कॉलिस यांनी मनगटाच्या या मोडण्याचे वर्णन १८१४ मध्ये, म्हणजे क्ष-किरणांचा शोध लागण्याच्या ८१ वर्षे आधी, केले होते. हाताचा आकार बदलला तरी कालांतराने तो मोकळेपणाने आणि वेदनेशिवाय हलू लागतो, अशा अर्थाचा दिलासाही त्यांनी तिथे दिला होता. दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या डॉक्टरांनाही रुग्णाला धीर देणे कामाचाच भाग वाटले असावे, या विचाराने मला बरे वाटले.

जूनच्या अखेरीस पालखी आली. प्लास्टर घातलेला हात झोळीत घेऊन मी घरीच बसायचे ठरवले होते. पण टेबलावरची बोटे चालू होती, त्यामुळे मला राहवेना. पेटी वाजवायला डावा हात भात्याला लागतो आणि उजवा पट्ट्यांना. माझा डावा हात तर धडधाकट होता. मी शिकवलेली एक मुलगी पट्ट्यांवर बसली, मी बाजूला बसून भाता मारला, आणि आमच्या मंडळाची सेवा रुजू झाली. तिचा स्वर कुठे रेंगाळला की माझी उजवी बोटे झोळीतल्या झोळीत पुढे जात होती. टाळांच्या गजरात मला तुमचा प्रश्न आठवत होता.

तुमच्या प्लास्टर रूमबाहेर बाकावर बसून मी इतरांशी तुमचे वागणे पाहिले आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या एका तरुणाला तुम्ही तोच प्रश्न विचारलात, आणि शाळकरी पोरालाही. त्या पोराने "क्रिकेट" म्हटल्यावर त्याला कधीपासून बॅट धरता येईल ते तुम्ही बोटांवर मोजून दाखवलेत. प्लास्टर कापायची करवत पाहून तो किंचाळला, तेव्हा ती आधी स्वतःच्या तळहाताला लावून दाखवलीत. तिचे पाते फिरत नाही, नुसते थरथरते, म्हणून कातडी कापत नाही. त्या खोलीबाहेर रांग मोठी होती आणि पंखा बंद होता. माझ्या पहिल्या दवाखान्यात गर्दी नव्हती आणि पंखाही होता. चांगुलपणाला सवड लागते असे म्हणणाऱ्यांना मी आता हे सांगते.

प्लास्टर जुलैत निघाले. हात बारीक झाला होता, कातडीचे पापुद्रे निघत होते, मनगट दगडासारखे वाटत होते. बोटे मात्र पहिल्याच दिवशी मुठीत आली. व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी "बोटं इतकी सैल कशी?" असे विचारले, तेव्हा मी त्यांना भूपाची हकीकत सांगितली.

सर्वांत उशिरा जमले ते तळहात उताणा करणे. त्यामुळे किती तरी गुरुवार भजनानंतर मी तीर्थ डाव्या हातावर उजवा हात टेकवून, अर्धे सांडत घेत होते. मागच्या गुरुवारी उजवा तळहात पुरता वळला, पळीभर तीर्थ त्यात मावले आणि एक थेंबही खाली पडला नाही.

दादा, आमचे भजन दर गुरुवारी संध्याकाळी सात वाजता असते. तुमची ड्यूटी नसेल त्या गुरुवारी जरूर या. पेटीच्या उजव्या अंगाला तुमच्यासाठी जागा राखून ठेवते.

आपली कृतज्ञ,
पेटीवाल्या काकू