पाणी थांबलं ते आदामपाशी

केडगाव, बुधवार रात्र

माझ्या लेकी,

काल फोनवर तू विचारलंस, "आई, देव विश्वासू आहे म्हणतेस, मग माझं पोर काचेच्या पेटीत का?" मला काही बोलता आलं नाही. तू फोन ठेवलास तरी मी ओट्यापाशी तशीच उभी होते. का, ते मला आजही सांगता येणार नाही. पण जे माहीत आहे ते लिहिते. सकाळच्या गाडीनं बाबा डबा घेऊन येतील, पिशवीत हे पत्र असेल.

एकोणतिसाव्या आठवड्यात जन्मलेलं १ किलो १०० ग्रॅमचं लेकरू, त्यात जंतुसंसर्ग, श्वासाला यंत्र आणि रोज वाढणारं बिल. घाबरू नकोस असं मी म्हणणार नाही. मीही घाबरलेय.

बायबलातल्या यहोशवाच्या पुस्तकातला यार्देन नदीचा प्रसंग तू संडेस्कूलमध्ये कितीदा ऐकलायस. सुगीचे दिवस, नदी दुथडी भरलेली, आणि अख्ख्या इस्राएल लोकांना पोराबाळांसकट पलीकडे जायचंय. कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांची पवित्र पेटी, वाहणाऱ्या याजकांचे पाय काठच्या पाण्यात बुडाले आणि प्रवाह थांबला. एवढं सगळ्यांच्या लक्षात राहतं. पण तिथंच असंही लिहिलंय की पाण्याची रास झाली ती खूप लांब, वरच्या अंगाला, आदाम नावाच्या गावापाशी. आपण भीमेकडची माणसं, आपल्याला हे कळायला हवं. पावसाळ्यात वर धरणाची दारं बंद झाली तरी आपल्या पुलाखालचं पाणी कितीतरी वेळ तसंच फुगलेलं असतं. काठावरच्या माणसाला ते फुगलेलं पाणीच दिसतं.

माझ्या पणजीची गोष्ट तुला अर्धीच माहीत आहे. १९०० च्या दुष्काळात ती आठ वर्षांची होती. गुजरातेत आई-बाप दोघंही भुकेनं गेले. पोर हाडांचा सापळा होऊन रस्त्याकडेला पडलेली. तिला काय ठाऊक, की तीन-चार वर्षांआधीच पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून दुष्काळातल्या मुली आणल्या होत्या, पुण्यात प्लेगमुळे त्यांना ठेवता येईना म्हणून केडगावच्या माळावर झोपड्या घातल्या होत्या, आणि आता त्यांची माणसं गुजरातेकडे निघाली होती? तिच्यासाठी पाणी आधीच वर कुठेतरी थांबलं होतं. ती रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली, शिकली, तिचं लग्न झालं. म्हणून आजी, म्हणून माझी आई, मी, तू, आणि पेटीतली आपली चिमणी.

मागितलं ते मिळतंच, असं मात्र मी तुला सांगणार नाही. रमाबाईंची एकुलती एक लेक मनोरमाबाई १९२१ च्या जुलैत गेली. पुढच्या एप्रिलात रमाबाईही गेल्या. मधल्या त्या नऊ महिन्यांतही मराठी बायबलच्या भाषांतराचं काम त्यांनी सोडलं नाही. आणि तुझ्या आधीचा तुझा भाऊ चौथ्या दिवशी गेला, हे तुला ठाऊक आहे. त्यानंतर दोन महिने मी उपासनेत तोंड उघडलं नाही, नुसती बसून यायचे. मला प्रार्थनाच येईना. आपल्या पाळकांच्या बायको तेव्हा रोज दुपारी यायच्या, काही न बोलता माझी वेणी घालायच्या आणि जायच्या. देवानं मला सोडलं नाही, हे मी त्या वेणीवरून म्हणते. ऐकीव नाही सांगत.

प्रार्थना होत नसेल तर करू नकोस, आम्ही इथं करतोय. तू एवढंच कर. नर्सबाई बोलावतील तेव्हा हात कोपरापर्यंत स्वच्छ धुऊन आत जा, तिला उघड्या छातीशी धर, तिला तुझी ऊब लागू दे. तीन-तीन तासांनी दूध काढ, चमचाभर निघालं तरी फेकू नकोस, नळीतून तेवढंही तिला लागतं. मधे झोप. जावईबापूंनाही जेवायला लाव, ते तुझ्यासमोर धीर धरतात आणि जिन्यात जाऊन रडतात, बाबांनी पाहिलंय. बिलाचं आम्ही बघतो. पतपेढीत अर्ज दिलाय, बांगड्या तर आहेतच, त्यावर वाद घालायचा नाही.

तिच्या वजनासाठी मी एक वही केलीय. १,१००, मग घसरून १,०४०, काल १,०६५. उद्याची तारीख घालून ठेवलीय. वजन झालं की कितीही वाजू देत, फोन कर, मी जागीच आहे.

तुझी आई