सोलर कॅट आय मोजायचे तर रात्री मोजा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सध्या जिकडंतिकडं रस्त्यावर सोलर कॅट आय, म्हणजे रात्री रस्ता दाखवायला रस्त्यातच ठोकलेले ते उन्हावर चालणारे छोटे दिवे, बसवायचं चाललंय त्याबद्दल लिहितोय. विरोध म्हणून नाही बरं का, मला ते पाहिजेच आहेत, पण ते बसतात कुठं आणि बसल्यावर त्यांचं पुढं काय होतं यावर कुणी बोलत नाही.

मी शाहूवाडीकडचा, आंबा घाटातून रात्रीचं येणं-जाणं असतं. ज्यांनी पावसाळ्यात आंबा नाहीतर आंबोली घाट रात्री उतरलाय त्यांना वेगळं सांगायला नको, बॉनेटच्या पुढचं दिसत नाही, अप्पर मारला तर धुकंच पांढरं होऊन डोळ्यावर येतं, आणि ओल्या डांबरावरचा पांढरा पट्टा असून नसल्यासारखा. पट्ट्याच्या रंगात काचेचे बारीक मणी असतात, तेच उजेड परत फेकतात, पण वर पाण्याचा थर बसला की त्यांचं काम संपलं. मग आपण पुढच्या ट्रकचे लाल दिवे धरून चालतो, तो ट्रकवाला कुणाला धरून चालतो ते त्यालाच माहीत.

साधा, म्हणजे दिवा नसलेला नुसता चमकणारा कॅट आय काही वाईट नाही. १९३४ साली इंग्लंडमध्ये यॉर्कशायरच्या पर्सी शॉने त्याचं पेटंट घेतलं तेव्हापासून चालत आलाय. त्याने काचा रबरात बसवल्या होत्या, चाक वरून गेलं की रबर दबायचं आणि काच आपोआप पुसली जायची. आपल्याकडं प्लास्टिकचे चौकोनी तुकडे चिकटवतात, त्यांना पुसणं-बिसणं काही नाही, एका पावसाळ्याचा चिखल बसला की झालं. आणि साफ असला तरी त्याची एक अडचण आहेच, आपला हेडलाईट त्याच्यावर पडला तरच तो चमकणार. सरळ रस्त्याला ठीक आहे, पण वळणावर हेडलाईट दरीकडं बघत असतो आणि रस्ता दुसरीकडंच वळलेला असतो. ८० च्या स्पीडला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, डिपरवर साधारण ४०-५० मीटर दिसतं म्हणजे हातात दोन सेकंद, त्यातच वळण ओळखायचं, ब्रेक मारायचा आणि समोरून कुणी आलं तर त्यालाही सांभाळायचं.

सोलरवाला इथंच कामाला येतो. वर छोटं पॅनल, आत बॅटरी आणि एलईडी, अंधार पडला की आपोआप पेटतो. स्वतःच उजेड देत असल्यामुळं पुढचं अख्खं वळण लांबूनच कळतं, गाडी तिथं पोचायच्या आधी. धुक्यातही बरा पडतो कारण त्याच्या उजेडाला धुक्यातून एकदाच यायचं असतं, आपल्या हेडलाईटसारखं जाऊन परत यायचं नसतं.

पण बसवतात कुठं? एका तालुक्याच्या गावात (नाव घेत नाही, सगळीकडं हेच आहे) मेन रोडवर डोक्यावर लखलखीत पोल आणि खाली दुभाजकाला ओळीनं हे दिवे, लग्नाच्या मांडवासारखे. गावाबाहेर चार किलोमीटरवर अरुंद पूल, त्याला कठडा धड नाही, तिथं एक दिवा नाही. का तर गावातलं उद्घाटनाच्या फोटोत दिसतं. आणखी एक प्रकार म्हणजे स्पीडब्रेकरच्या आधी रस्त्यावर आडव्या रांगा ठोकणे. पावसात मोटरसायकलवाल्याचं चाक त्यावरून सरकतं, ज्याने ते ठोकलेत त्याने एकदा मागे माणूस बसवून तिथून जाऊन दाखवावं. कडेला नाहीतर लेनच्या पट्ट्यावर बसवायची वस्तू आहे ती. रंगांचं पण तसंच, डाव्या कडेला लाल, दुभाजकाकडं पिवळे, लेनला पांढरे हे ठरलेलं आहे, गोदामात जो रंग शिल्लक तो लावायचा नसतो. आणि घाटात ब्लिंक होणारे तर अजिबात नकोत, वळणावर एक पेटतोय तोवर दुसरा विझतोय अशात वळणाचा आकारच कळत नाही, तिथं स्थिर उजेडच पाहिजे.

आता खरी गोम. जुलैत आंबा घाटात आठ-आठ दिवस ऊन नसतं. ढगाळ उजेडातही पॅनल थोडंफार चार्ज होतं पण स्वस्तातला माल असेल तर रात्री दहालाच विझतो, म्हणजे नेमका जेव्हा पाहिजे तेव्हा नाही. बॅटरी पण जन्माची नसते. वरून नवीन डांबर पडलं की सगळे गाडले जातात, काही उचकटून नेतात आणि रस्त्यात नुसती भोकं राहतात. टेंडरमध्ये मात्र इतके नग बसवले, दिवसा फोटो काढले, बिल निघालं, संपला विषय.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की मोजणी रात्री करा. बसवलेले नग मोजू नका, पेटलेले मोजा, आणि तेही जुलैच्या एखाद्या पावसाळी रात्री बारानंतर. थोडं बिल त्या मोजणीपर्यंत अडकवून ठेवा, दोषदायित्वाच्या काळात (बिघडलं तर ठेकेदारानंच दुरुस्त करून द्यायचं तो काळ) दरवर्षी एकदा असंच मोजा, बंद असेल तो बदलून द्या. यादी करायला सल्लागार नेमायची पण गरज नाही, एसटीच्या रातराणीच्या ड्रायव्हरांना आणि दुधाच्या टँकरवाल्यांना विचारा, कुठल्या वळणावर हात घट्ट होतात ते तोंडपाठ सांगतील.

जाता जाता उसाच्या ट्रॉल्यांचं. केंद्राच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात रस्ता अपघातात १,६८,४९१ माणसं गेली, आणि सगळ्यात जास्त अपघात संध्याकाळी ६ ते ९ मध्ये झाले. आपल्याकडं हंगामात नेमक्या त्याच वेळी दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर कारखान्याकडं निघालेले असतात, मागे लाईट नाही, रिफ्लेक्टर असला तर तो लोंबणाऱ्या वाड्यानं, म्हणजे उसाच्या शेंड्यानं झाकलेला. रस्त्यात कितीही सोलर दिवे लावले तरी ही ट्रॉली त्यात दिसणार नाही. कारखान्यांनी वाहतुकीचे करार करतानाच मागच्या फळीला रिफ्लेक्टर पट्टी सक्तीची करावी, गेटवर ती बघूनच उसाचा वजनकाटा करावा, आणि बैलगाड्यांनाही द्यावी. यंदाचे बॉयलर पेटायच्या आधी एवढं तरी व्हावं.

आपला,
एक वाचक, ता. शाहूवाडी, जि. कोल्हापूर