सिस्टर, स्पेसर आता फडक्यानं पुसत नाही

सिस्टर,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. तुम्ही मला 'ताई' म्हणत होता, मी तुम्हाला 'सिस्टर', तेवढ्यावर चार दिवस निघाले. डिसेंबरात, गुऱ्हाळाचा हंगाम ऐन भरात असताना, वडणग्याकडून शिवाजी पुलावरून रात्री रिक्षानं कोल्हापुरात तुमच्या दवाखान्यात आलेली ती चार वर्षांच्या पोराची आई मी.

राजवीरच्या बरगड्या दर श्वासाला आत ओढल्या जात होत्या. मी म्हटलं, "खोकला लई झालाय." तुम्ही त्याच्या बोटाला ऑक्सिजनचा चिमटा लावला, सदरा वर केला आणि घड्याळ धरून मिनिटभर त्याच्या पोटाकडं बघत राहिलात. खरं सांगते, राग आला होता. पोरगं धापतंय आणि या बाई घड्याळ बघत बसल्यात! मग "मिनिटाला ५८ श्वास" म्हणून तुम्ही डॉक्टरांना हाक मारलीत. पुढं ऑक्सिजन, वाफ, धावपळ. त्यातलं मला फार आठवत नाही.

आठवतं ते तिसऱ्या दिवसाचं. माझ्या भावाला लहानपणी दमा होता. धाप उतरवायचं डेरिफिलिनचं इंजेक्शन, जरा बरं वाटलं की घरी, पंधरा दिवसांनी परत तेच. तोंडानं औषध ओढायच्या पंपाचं, म्हणजे इनहेलरचं, नाव काढायचं नाही, सवय लागते म्हणे. राजवीरलाही मी वर्षभर एका दवाखान्यातून खोकल्याच्या बाटल्या आणि अँटिबायोटिक आणून पाजत होते. तिथं दमा हा शब्द कुणी उच्चारलाच नाही. तुमच्या डॉक्टरांनी उच्चारला, पण तो माझ्या गळी उतरवला तुम्ही. "भिंतीला ओल आली तर वरनं रंग मारून भागतंय का, ताई? धाप लागल्यावरचा पंप म्हणजे रंग. आतली सूज उतरवणारा रोज घ्यायचा." त्या रोजच्या पंपातलं स्टेरॉइड मायक्रोग्रॅममध्ये असतं आणि थेट श्वासनळीत जातं, हेही तेव्हाच कळलं.

मग पंप माझ्या हातात दिलात. हलवायचा, स्पेसरला, म्हणजे मास्क लावलेल्या त्या पोकळ नळकांड्याला, जोडायचा, मास्क नाकातोंडावर घट्ट, एकदाच दाबायचा, पोराचे पाच-सहा श्वास होऊ द्यायचे. दुसऱ्या वेळी परत हलवायचा. नंतर चूळ. मी चारदा चुकले, चारही वेळा तुम्ही पहिल्यापासून करायला लावलंत. स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच वाळवायचा, फडक्यानं घासला तर आत औषध चिकटतं. मी घरी पहिल्याच दिवशी पदरानं पुसला होता, हे आज कबूल करते.

शेजारच्या कॉटवरच्या बाईकडं स्पेसरला पैसे नव्हते. तुम्ही पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली घेतलीत, बुडाला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडलंत आणि चिकटपट्टी लावून तिच्या हातात दिलीत. दम्याचा झटका फार मोठा नसेल तर हे वाफेच्या मशीनइतकंच काम करतं म्हणालात. मला आधी ती गरिबाची समजूत वाटली होती. नंतर डॉक्टरांनीही तेच सांगितलं.

आणि गुऱ्हाळ. घरचंच आहे आमचं, रसाच्या काहिलीखाली चुलवाणात उसाची चिपाडं पेटली की धूर अंगणात. मला वाटलं, आता बोलणी बसणार. तुम्ही विचारलंत एवढंच, "पोरगं झोपतंय कुठं?" चुलवाणाच्या भिंतीला लागून असलेल्या खोलीत, म्हटलं. आता तो मागच्या सोप्यात आजीजवळ झोपतो, आणि चुलवाण पेटवायच्या आधी गूळ करणारा गुळव्या हाक देतो, "राजूला आत घ्या!"

तेव्हापासून ॲडमिट करायची वेळ आली नाही. जूनमध्ये पहिल्या पावसात एकदा छाती वाजली. तो झोपल्यावर मी घड्याळ लावून पोटाकडं बघत मिनिटाचे श्वास मोजले, ३४ भरले. तुम्ही सांगितलेल्या ४० च्या आत. तरी दर तासाला उठून मोजत होते, सासूबाई हसत होत्या.

ड्यूटीवर काही घ्यायचं नसतं म्हणून तुम्ही तेव्हा मी दिलेली पिशवी परत केलीत. सुट्टीच्या दिवशी इकडं या. यंदाच्या पहिल्या काहिलीतला गुळाचा किलोचा एक रवा बाजूला काढून ठेवते.

राजवीरची आई